हवेत थांबलेले पाय

खापर गावच्या बाजारात दोधूच्या हातून ढोलाचं नवं कातडं गळून पडलं आणि ते उचलायचंही त्याला सुचलं नाही.

होळी तोंडावर आली होती. डोंगरातून उतरलेली माणसं बाजारात नाचत होती आणि मधोमध डोंगरातल्या काठी गावचा खात्या पावरी फुंकत होता. बांबू आणि वाळल्या भोपळ्याच्या त्या वाद्यातून दोधूच्याच बँडची चाल निघत होती. तेवढ्यानंच माणूस चक्रावला असता. पण फुंकण्याआधी खात्यानं कानाची पाळीही धरली होती.

कान धरायची ही रीत करणसिंगची. करणसिंग म्हणजे लग्नात वाजवणाऱ्या दोधूच्या नंदुरबारच्या बँडचा जुना मास्तर, त्याचा उस्ताद. दोन वर्षांमागे वारला. तरुणपणी तो मुंबईच्या एका हॉटेलात जॅझच्या बँडमध्ये वाजवायचा. तिथल्या गोवेकर वादकांकडे अमेरिकेतल्या एका काळ्या बँडमास्तरच्या तबकड्या होत्या. त्या ऐकून करणसिंगनं त्या कधी न पाहिलेल्या माणसाला गुरू केलं. नंदुरबारला परतल्यावर त्यानं स्वतः एक चाल बांधली, आणि ती वाजवण्याआधी दर वेळी गुरूच्या नावानं कान धरायचा. ते नाव त्याच्या तोंडून असं मोडून यायचं, की दोधूला ते कधी नीट कळलंच नाही.

आता तीच चाल दोधूच्या गळ्याशी आली होती. तापीकाठच्या बड्या घरच्या गजराबाईंची थोरली लेक त्या चालीवर सासरी गेली होती. धाकटीचं लग्न होळीनंतर होतं. गजराबाईंनी बँडला बोलावून चाल ऐकली आणि म्हणाल्या, "बाजा तोच शे, चाल ती नही." ती चाल आणता येत नसेल तर सुरतेचा बँड बोलावते, असंही त्यांनी सांगून टाकलं. त्यांनी सोडलं की आसपासच्या गावांची लग्नं सुटणार, आणि लग्नं सुटली की बँड मोडणार, हे दोधूला ठाऊक होतं. चालीतला एकही सूर चुकला नव्हता. मग गेलं होतं काय?

ते इथं, खात्याच्या पावरीत होतं. चालीच्या मध्यावर एक लांब सूर होता. बँडमध्ये तो सूर भिला नावाचा म्हातारा पितळी कॉर्नेटवर घ्यायचा. भिलाचे पुढचे दोन दात पडल्यामुळे तो सूर थरथरायचा. मास्तरमागे बँडचा कारभार क्लॅरोनेट वाजवणाऱ्या दोधूच्या हाती आला, आणि त्यानं पहिलं काम केलं ते हे, की भिलाला घरी बसवलं आणि सुरतेहून स्वच्छ वाजवणारा कॉर्नेटवाला आणला. आणि खात्या, तोंडात सगळे दात असलेला गडी, मान हलवून हलवून तो सूर मुद्दाम थरथरवत होता. त्यापाठोपाठ ढोल क्षणभर गप्प झाला. नाचणाऱ्यांचे उचललेले पाय तसेच हवेत राहिले, मग सगळे एकदम जमिनीवर आले. ही डोंगरातली भर असावी, असं दोधूला वाटलं.

चाल संपल्यावर त्यानं खात्याला गाठलं. काही वर्षांमागे काठीला एका लग्नात हा बँड आला होता, तेव्हा ऐकली, असं खात्यानं सांगितलं. तो सूर असा का हलवतोस, असं दोधूनं विचारलं.

"तशीच शे ती," खात्या बाजारच्या अहिराणीत म्हणाला. "दात पडेल बाबा वाजवे ना, त्यान्ही शे. तो कोठे शे?"

ते टाळून दोधूनं दुसरंच विचारलं. आणि कान का धरतोस? ते खात्याला ठाऊक नव्हतं. कान धरला की चाल सुरू होते, एवढंच तो जाणत होता.

परतीच्या वाटेवर दोधूला मास्तरचं बोलणं आठवत राहिलं. चाल बसवताना इथं कॉर्नेट, असं करणसिंग कधी म्हणाला नाही. इथं भिला, म्हणायचा. अमेरिकेतला उस्ताद चाल वाद्यासाठी बांधत नाही, माणसासाठी बांधतो, असंही सांगायचा. दोधूला ती म्हाताऱ्याची बोलायची लकब वाटली होती.

भिला नंदुरबारला मिरचीच्या पथारीवर सापडला. लाल मिरच्या लांबवर वाळत पडल्या होत्या आणि त्यानं नाकातोंडाला फडकं बांधलं होतं. दोधूनं भिलाकाका म्हणून हाक मारली, तरी त्यानं मान वर केली नाही.

"दात नही उगनात रे आजून," तो म्हणाला.

दोधूनं खापरची हकिकत सांगितली. काठीची माणसं आपल्याला विचारतात, हे ऐकून भिला पोत्यावर बसला आणि त्यानं फडकं सोडलं. दात पडल्यावर मी फटीत मेण भरून सूर साफ केला होता, तो म्हणाला. मास्तरनं ते मेण काढायला लावलं आणि तो सूर उलट लांबवला.

दोधू पोत्याशेजारी उकिडवा बसला. त्यानं भीतभीत विचारलं, "मन्हासाठे काय ठेयेल व्हतं मास्तरनी?"

"तू उशीर करस ना."

"कव्हय?"

"कायम," भिला म्हणाला आणि त्याला हसता हसता खोकला लागला.

त्या लांब सुरानंतर दोधूची क्लॅरोनेट नेहमी जरा मागाहून यायची. म्हणून मास्तरनं तो येईपर्यंत ढोल गप्प ठेवला होता, त्यामुळे दोधूला आपण वेळेवरच आलो असं वाटायचं. दोधूला कोणी सांगायचं नाही, अशी ताकीद होती. सांगितलं तर तो वेळेवर येईल. सुरतवाला कशाला थांबतोय? सूर संपला की तो थेट पुढे निघायचा, आणि ढोलही त्याच्यासोबत. घाई करतो म्हणून दोधूनं त्याला कितीदा तरी झापलं होतं.

दोधूच्या डोळ्यांपुढे ते हवेतले पाय आले. खापरचा अख्खा बाजार त्याच्या उशिरासाठी एका पायावर उभा होता.

गजराबाईंनी दोधूला अजून एक संधी दिली, आणि धाकटीच्या पाठवणीला त्यांच्या दारी भिला आला. सुरतवाला त्याच्या शेजारी उभा राहिला. दोधूनं कान धरला. लांब सूर थरथरला, तसा गजराबाईंनी पदर तोंडाला लावला. मग ढोल गप्प झाला.

दोधूनं क्लॅरोनेट ओठांना लावली आणि तो गोठला. आता त्याला माहीत होतं. उशीर करायचा म्हणजे किती, हेच त्याला सुचेना. भिला तिरप्या डोळ्यानं बघत होता, नवरीही चालता चालता थबकली. त्या दिवशी दोधू आजवर कधी आला नव्हता इतका उशिरा आला.

पण तोवर कोणीच पुढे गेलं नव्हतं.