समोरची खुर्ची

कल्पिता कोच होती. नोकरीतल्या पेचांत अडकलेली माणसं तिच्याशी बोलत आणि आपली वाट आपण शोधत. महिन्यातून एकदा मात्र ती स्वतः मुलुंडला नंदाताई या जुन्याजाणत्या कोचकडे जाई, आपलं काम त्यांच्यापुढे उलगडायला. याला सुपरव्हिजन म्हणतात. "म्हणजे मास्तरणीची मास्तरीण," तिची आई म्हणे. मासळीची पाटी उरकून आई विक्रोळीला कल्पिताच्या लेकीपाशी येऊन बसे, मगच कल्पिता निघे.

आज तिने एका बाईबद्दल सांगितलं. नाव घ्यायचं नाही, हा इथला नियम. सहा महिन्यांच्या बाळाची आई, हातात बढती, आणि सोमवारी राजीनामा देणार.

"तिचं तिनेच ठरवलं, ताई. मी नुसते प्रश्न विचारले."

"एखादा वाच ना."

कल्पिताने वही उघडली. "बाळ दिवसभर तुझी वाट बघतं, तेव्हा तुला काय वाटतं?"

नंदाताईंनी समोरच्या खुर्चीकडे बोट केलं. "तिथे बस. आता तू ती."

कल्पिता बसली. ती बाई बसते तशीच, पर्स मांडीवर, पट्टा मुठीत. नंदाताईंनी तोच प्रश्न हळूच विचारला. कल्पिता ती बाई होऊन बोलली.

"मला काम आवडतं. पण या मॅडमना कसं सांगू? त्यांना किती वाईट वाटेल."

ती स्वतःच दचकली.

"वाट बघणारं बाळ कुणाचं गं?" नंदाताईंनी विचारलं.

"माझं." तिने पर्स खाली ठेवली. "वाट लावली ना मी तिची?"

"सोमवार यायचाय अजून. आणि लेकीची आठवण येणं हा काय गुन्हा आहे? फक्त ती आठवण त्या बाईच्या तासाला न्यायची नाही. इथे आणायची. मी कशाला बसलेय?"

चहा निवत होता. कल्पिताने त्या बाईला मेसेज लिहिला: 'मागच्या वेळी एक प्रश्न माझ्याच मनातला होता. सोमवारआधी भेटू या?'

"भेटूनही तिने राजीनामा दिला तर?"

"तर तो तिचा असेल."

उत्तर आलं: 'उद्या येते. मलाही काही सांगायचं होतं.'

जिना उतरताना तिने आईला फोन लावला. "वाट बघतेय का गं ती?"

"कशाला बघेल? मऊ भात खाऊन माझ्या मांडीवर घोरतेय. तुला तर मी पाटीशेजारी निजवून मासळी विकायचे, तू तरी कुठे बघितलीस माझी वाट? ये सावकाश."

कल्पिता जिन्यातच बसली, थोडी हसली, आणि डोळे पुसून उठली.