बाभळीच्या काट्यावर ऐकले

मित्रांनो, मी एक जुना काटा आहे. घड्याळातला नाही, तराजूचाही नाही, साधा बाभळीचा. काडेपेटीत पडून पडून माझा जीव विटला आहे, म्हणून आज बोलतो. मध्ये कुणी चुळबूळ करू नका. ते काम माझं आहे.

माझा जन्म अमरावतीच्या कडेला, गोवर्धन माळ्याच्या वाडीच्या कुंपणात झाला. आत मेथी, सांभार म्हणजे तुमची कोथिंबीर, वांगी आणि शेवंती. बाहेर आम्ही, गुरं अडवायला. एका शेळीचं नाक टोचलं, एवढाच काय तो माझा बालपणीचा पराक्रम. तिथेच वाळून गळालो असतो, पण माझ्या नशिबी संगीत होतं.

गोवर्धन बडनेऱ्याच्या रेल्वे बंगल्यांवर भाजी पोचवायचा. तिथला एक गोरा गार्ड बदली होऊन जाताना त्याला आपला ग्रामोफोन आणि चार तबकड्या देऊन गेला. त्यांत जॅझ होतं, अमेरिकेतल्या काळ्या वादकांचं संगीत. गोवर्धन भजनात वाढलेला माणूस. पण हे संगीत त्याला स्वस्थ बसू देईना. ठेका धरावा तर तो पाऊलभर पुढे पळालेला असे. गोवर्धन वाफ्यांमधून येरझारा घालत ऐकायचा, आणि ते पोटात मावेना तेव्हा त्यावर लिहायला लागला. एका साप्ताहिकाचे संपादक भगवंतराव यांनी ते छापलं, आणि दर गुरुवारी भाजीवाल्याचं सदर सुरू झालं. वऱ्हाडात तेव्हा जॅझवर लिहिणारा दुसरा कोणी नसावा. निदान आमच्या कुंपणात तरी तशी चर्चा नव्हती.

मग लढाई पेटली आणि बाजारातून ग्रामोफोनच्या पोलादी सुया नाहीशा झाल्या. तबकडीच्या दर बाजूला नवी सुई लागते. बोथट सुई तबकडी खरवडून टाकते. चौथी तबकडी तर गोवर्धनने अजून ऐकलीच नव्हती, शेवटच्या घासासारखी राखून ठेवली होती. तो डोकं धरून बसला, तेव्हा त्याची बायको सुभद्रा कुंपणाकडे गेली आणि मला तोडून घेऊन आली.

"हा लावून पाहा," ती म्हणाली. "पायात घुसते, त तबकडीत काहून नाई घुसनार?"

मला वाळवलं, तासलं आणि सुईच्या जागी बसवून स्क्रू आवळला. मित्रांनो, काळ्या जमिनीत वाढलेल्या मला पुन्हा काळी जमीनच मिळाली, तिच्यावर नांगरल्यासारखी गोल गोल बारीक तासं पडलेली. त्यांतून धावताना माझ्या अंगातून जे गेलं, ते मी आजवर कुणाला सांगू शकलेलो नाही. आवाज मऊ आला. खरखर अगदी नाही. टोक झिजलं की गोवर्धन मला काडेपेटीच्या खरखरीत कडेवर घासून धार लावायचा. दर वेळी मी थोडा आखूड व्हायचो. होईना का, पण लवकर लावा, असं मला व्हायचं.

चौथी तबकडी माझ्यावरच वाजली. लेबलावर कुणीतरी चहा सांडल्यामुळे वादकाचं नाव गेलेलं होतं. त्याच्या हातात ट्रंपेट, म्हणजे पितळेची आखूड तुतारी. गोवर्धनने लिहिलं, ‘हा वादक सर्वांत वरच्या सुरावर चढतो आणि तिथेही कुजबुजतो. एवढा नम्र माणूस मी ऐकला नाही.’ लोकांना ते फार आवडलं. वाचनालयात मोठ्याने वाचलं गेलं. मीही काडेपेटीत फुगून बसलो.

महिनाभराने अकोल्याहून एक पोस्टकार्ड आलं. पाठवणारे खुशालराव, वरातीच्या बँडमध्ये कॉर्नेट वाजवणारे. तीही पितळेचीच, ट्रंपेटची सख्खी बहीण. त्यांनी लिहिलं होतं: ‘भाऊ, तुमी लिवलं का तो मानूस वर चढून कुजबुजते. तीस वर्सं मी पितळ तोंडाले लावून राहिलो. तेवढ्या वर जाचं म्हंजे छाती फुटाची पाळी येते. तुमी त्याले आयकलंच नाई. माह्यापाशी तीन सुया आहेत. तबकडी घेऊन या.’

गोवर्धन त्या दिवशी जेवला नाही. लिहिणाऱ्या माणसाजवळ शब्दाशिवाय असतं काय? तोच खोटा ठरला तर?

दुसऱ्या दिवशी तबकडी धोतरात गुंडाळून तो गाडीत बसला. मी त्याच्या खिशात होतो. मूर्तिजापूरला गाडी थांबली तेवढ्यात तो तीनदा खाली उतरला आणि तीनदा वर चढला.

खुशालरावांनी जपून ठेवलेली सुई लावली. आणि मित्रांनो, तो वादक ओरडला! घराची कौलं हलतील असा. त्याच्या मागे झांजा होत्या, ढोल होता. मी त्यातलं काहीच गोवर्धनपर्यंत पोचवलं नव्हतं. त्या आवाजात राग होता, आनंद होता, नम्रता मात्र औषधालाही नव्हती.

"हे कुजबुजनं होय काय?" खुशालरावांनी विचारलं.

गोवर्धन तबकडी पुन्हा धोतरात गुंडाळू लागला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी खोटं बोललो नव्हतो हो! माझ्या अंगात मावलं तेवढं मी दिलं. पण माझ्या अंगात किती मावतं, हे त्या भल्या माणसाला कोण सांगणार?

परतल्यावर तो भगवंतरावांकडे गेला. चूक छापा म्हणाला. भगवंतराव वाईट नव्हते, पण वैतागले. "अहो, वाचकांना तुमचा तो नम्र वादक आवडला आहे. आता चूक कबूल केली, तर उचलली जीभ लावली टाळ्याला असं म्हणतील. मग मला सदर बंद करावं लागेल. विचार करून सांगा."

गोवर्धन दोन दिवस वाफ्यांमधून फिरत राहिला. शेवटी मेथीच्या जुड्या बांधता बांधता सुभद्राच बोलली. "जुडी सडकी निंगाली त गिऱ्हाईक दारात येते. आपन बदलून देतो का नाई? मंग तुमी लिवलेलं सडकं निंगालं, ते काहून नाई बदलून देत?"

त्याने बदलून दिलं. ‘मागे मी एका वादकाला नम्र म्हटलं. मी त्याला बाभळीच्या काट्यावर ऐकलं होतं. नम्र होता तो काटा. वादकाची मी क्षमा मागतो.’ भगवंतरावांनी शब्द न बदलता छापलं, आणि पुढच्या गुरुवारी सदर नव्हतं.

गोवर्धन तरीही लिहायचा, भाजीच्या वहीच्या मागच्या पानांवर. पण लढाई संपली, सुया परत आल्या आणि मी काडेपेटीत गेलो. वर्ष गेलं, दीड गेलं. पलीकडे संगीत वाजे आणि मी अंधारात तळमळत असे.

एका दुपारी खुशालराव वाडीत आले. समोरचे दात पडले होते. कॉर्नेट सुटली होती. ते बांधावर बसले. मग म्हणाले, "गोवर्धनभाऊ, तो काटा आहे काय अजून? मले त्याच्यावर आयकाचं आहे. माह्या तोंडातून आता तेवढाच आवाज निंगते. तेवढ्यात तो मानूस कसा वाजवते, पाहू द्या."

गोवर्धनने मला कडेवर घासलं. चावी भरली. मी धावलो. वरचा सूर आला, अगदी हलका, आणि खुशालरावांचे रिकामे ओठ त्याच्याबरोबर हलू लागले. ते रडत होते, आणि सांगायला मला लाज नाही, गोवर्धनही रडत होता. सूर संपल्यावर त्याने वही काढली आणि वर लिहिलं, ‘बाभळीच्या काट्यावर ऐकले. सोबत खुशालराव.’

मित्रांनो, आता मी ज्वारीच्या दाण्याएवढा उरलो आहे. जुनी काडेपेटी फेकण्याआधी एकदा उघडून बघत जा. माझ्यात अजून एका बाजूपुरती धार आहे. लावा मला. आणि मग कुणाला नम्र म्हणा, कुणाला उद्धट म्हणा, तुमची मर्जी. फक्त कशावर ऐकलं, ते आधी लिहा.