लंकाबाईची गाळणी

पेठजवळ डोंगर कापून प्लॉट पाडले आणि गेल्या पावसात तिथली लाल माती थेट खालच्या पाड्याच्या विहिरीत उतरली. विहीर लंकाबाईच्या पाड्याची. म्हणून यंदा तीच त्या प्लॉटांवर मजुरीला आली आणि उतारावरच्या ओघळीत आडवे दगड रचू लागली.

"मावशी, सिमेंटशिवाय भिंत टिकते होय?" इंजिनिअर हर्षल हसला.

"भिंत नाय साहेब, गाळणी हाय ही. पाणी जाऊ द्यायचं, माती धरायची. तुमची भिंत पाणी अडवंल नि फुटंल."

चार दिवस पाऊस कोसळला. पाचव्या दिवशी हर्षल धावत आला. दगडांमागं गुडघाभर माती साचली होती, दगड एकही हलला नव्हता. लंकाबाईनं त्याला खाली पाड्यावर नेलं, विहिरीतून घागर काढली आणि नितळ पाणी त्याच्या ओंजळीत ओतलं.

"प्या साहेब. डिग्री लागत नाय याला."