दीड फुटावरच्या खिडक्या

घाटंजीजवळच्या त्या विहाराला ना कळस, ना कमान. उघडं सिमेंट, सपाट छप्पर आणि जमिनीपासून जेमतेम दीड फुटावर सुरू होऊन कमरेपाशी संपणाऱ्या लांबलचक खिडक्या. बहात्तर साली गावाने नाकं मुरडली होती, ‘ह्या काय कोंबड्यायसाठी केल्या?’ म्हणून. पुढे नागपूरच्या वास्तुशिल्पकार साहेबांच्या त्याच खिडक्यांचं मासिकात कौतुक छापून आलं, तेव्हा गावाची नाकं आपोआप सरळ झाली.

नकाशा काढला होता सत्यशीलाने. हे गाव तिचं माहेर. साहेबांच्या यवतमाळच्या ऑफिसात ती नकाशे काढायची आणि साहेब सह्या करायचे. हा नकाशा तर त्यांनी धड उलगडलाही नाही, चहा पिता पिता सही ठोकून दिली. चौतीस वर्षं तिने ‘जाऊ दे’ म्हणत काढली. आता धम्मदीक्षेला पन्नास वर्षं होत होती. त्या साली कापसाने घरोघर रडवलं होतं, तरी सगळ्यांनी हातभार लावून विहाराला रंग दिला आणि दाराशी पाटी लावायचं ठरवलं. पाटीवर साहेबांचं नाव जाणार हे साठीच्या सत्यशीलाला कळलं. आत्ता नाही तर आपलं नाव कधीच नाही. तिने पहिली एसटी पकडली.

समितीचे अध्यक्ष धर्मपाल विहारात खुर्ची टाकून बसले होते. पेंटर अतुल दाराशी रंग कालवत होता.

“ताई, तुमाले खोटं नाही म्हनत मी,” धर्मपाल म्हणाले. “पन नकाशावर सही सायबाची हाये. लोकायले काय सांगू?”

“सायेब इथं किती खेपा आले?”

“चार-पाच. दरखेपी खुर्ची द्यायचो त्यायले.”

“मंग खुर्ची सोडा अन् खाली बसा.”

“माहे गुडघे...”

“बसा म्हनते ना, दादा!”

कण्हत-कुथत ते भिंतीशी टेकले. झुळूक थेट तोंडावर आली. बाहेरची कापसाची पऱ्हाटी, गावाकडची वाट, सगळं डोळ्यांसमोर.

“माह्या मायले ऑफिसच्या फरशीवर बसवून डोयापर्यंत टेप लावला होता मी,” सत्यशीला म्हणाली. “वंदनेले बाया खालीच बसतात, लेकरं घेऊन, दिवसभर कापूस येचून आलेल्या. त्यायले वारा लागावा म्हून.”

तीस-पस्तीस वर्षांत आपण इथे खाली बसलोच नाही, याची धर्मपालांना लाज वाटली.

“सायेब त कधी खुर्चीवरून उठलेच नाही,” ते म्हणाले. “त्यायले हे कसं सुचन? अतुल, नाव बदल. ताईचं घाल.”

“नावाखाली काय टाकू, आत्या? ऑफिसात तुमी काय होत्या?”

ऑफिसात ती अनुरेखक होती, म्हणजे दुसऱ्याच्या रेघेवरून रेघ ओढणारी. तोच शब्द सवयीने ओठांवर आला. तिने तो गिळला.

“वास्तुशिल्पकार लिही.”

स्वतःसाठी हा शब्द तिने जन्मात पहिल्यांदा उच्चारला होता, त्यामुळे आवाज चिरकला आणि अतुलला नीट ऐकूच गेलं नाही. मग तिने पुन्हा सांगितलं, चांगलं मोठ्याने.