इमाबारीचा खंदक
विलास गेला तेव्हा त्याची मुलगी तन्वी नऊ वर्षांची होती. तो मालवाहू जहाजावर सेकंड इंजिनिअर. जहाज दुरुस्तीसाठी जपानात, इमाबारीच्या गोदीत लागलेलं असताना तिथल्या जुन्या किल्ल्याच्या खंदकात बुडून त्याचा अंत झाला. अस्थी घेऊन सिंगापूरला, पासिर रिसच्या त्यांच्या फ्लॅटवर आला तो त्याच जहाजावरचा संजीव. विलासच्या बायकोसमोर, रत्नासमोर, मान खाली घालून तो म्हणाला, "वहिनी, एक लहान मुलगी पाण्यात पडली होती. विलासनं मागचापुढचा विचार न करता उडी मारली. ती वाचली. पाणी बर्फासारखं होतं, त्याला वर येता आलं नाही."

तेवढ्या आधारावर रत्नानं पुढली वर्षं काढली. पुण्याहून सासरच्यांनी परत ये म्हणून लकडा लावला, पण ती हलली नाही. नोव्हेनाच्या एका दवाखान्यात रिसेप्शनवर लागली. तन्वी शाळेत ज्याला त्याला बाबांची गोष्ट सांगायची. तिसरी भाषा निवडायची वेळ आली तेव्हा तिनं जपानी घेतली. "त्या मुलीशी बोलायचंय मला," म्हणाली.

शहाण्णव सालच्या डिसेंबरच्या सुट्टीत मायलेकी इमाबारीला निघाल्या, तेव्हा संजीवनं फोन केला. आता तो जहाज सोडून सिंगापुरातच, यिशुनला राहत होता. "कशाला जाताय वहिनी? ते लोक कुठे असतात, कुणाला ठाऊक. थंडीही मरणाची असते." रत्नाला वाटलं, मित्राची आठवण त्याला अजून सोसत नसेल.

रत्नानं लहानपणी पाहिलेले किल्ले डोंगरावरचे होते, चढताना धाप लागणारे. हा गावाच्या मधोमध, सपाटीवर होता. पांढरा बुरुज, त्याच्यापुढे पाईनची झाडं, आणि भोवती रुंद खंदक. खंदकात समुद्राचं पाणी खेळवलेलं होतं. तळाशी काळे मासे संथ फिरत होते. माणसं कुत्री घेऊन चालत होती, एक बाई बाळाला मासे दाखवत होती. इतक्या शांत जागी काही वाईट घडलं असेल असं वाटेना.

खंदकाच्या काठी एका म्हाताऱ्या बाईचं चहाचं छोटं दुकान होतं. तन्वी तिच्यापाशी गेली आणि अडखळत जपानीत विचारू लागली. आजीबाई आधी हसून ऐकत होत्या. मग त्यांनी दोघींकडे पाहिलं आणि हातातलं फडकं खाली ठेवलं.

त्या हळूहळू बोलू लागल्या. दुकानापुढच्या बाकावर त्यांनी हात ठेवला. मग वाकून जमिनीवर दोन बूट शेजारी शेजारी ठेवावेत तशी खूण केली. हवेतच कोटाची घडी घातली आणि त्या नसलेल्या बुटांवर ठेवली. शेवटी पाण्यात उतरणाऱ्या दगडी पायऱ्यांकडे बोट दाखवलं आणि ते बोट एकेक पायरी खाली नेलं.

तन्वीची पाठ ताठ झाली होती.

"काय म्हणतात?" रत्नानं विचारलं.

"त्यांना बाबा आठवतात. फार शूर होते म्हणतात."

"आणि ती मुलगी?"

"दुसऱ्या गावी गेले ते लोक." तन्वी पाण्याकडे बघत होती.

आजीबाईंनी रत्नाचे दोन्ही हात धरले आणि त्या रडू लागल्या. रत्नानं हात सोडवले नाहीत. बुडणाऱ्या पोरीसाठी धावणारा माणूस कोटाची घडी घालत बसत नाही, एवढं कळायला तिला जपानी यायची गरज नव्हती. आणलेली फुलं तिनं पाण्यात सोडली. "चल, गार होतंय," म्हणाली.

सिंगापूरला परतल्यावर घर मुकं झालं. तन्वी जपानीच्या क्लासला जाईना. विचारलं तर, "बोअर झालं, लाह," एवढंच, शाळेतल्या सिंगापुरी ढंगात. एकीला वाटे दुसरीला कळू नये, आणि दुसरीलाही तेच.

एका रविवारी रत्ना यिशुनला गेली. संजीवनं दार उघडलं आणि तिचा चेहरा बघून दारातच थांबला.

"पोर लहान होती, वहिनी," तो म्हणाला. "तिला काय सांगणार होता तुम्ही?"

"मला तरी सांगायचंस."

"त्याला महिनोन्महिने झोप नव्हती. गोदीत इंजिन बंद असलं तरी त्याला आवाज यायचा. घरी कळवू नकोस, म्हणायचा." रत्नानं त्याला दोष दिला नाही, पण आतही गेली नाही.

घरी येऊन तिनं तन्वीला समोर बसवलं. "त्या आजी काय म्हणाल्या ते मला कळलंय."

"कसं? तुला जपानी येत नाही."

"त्यांचे हात दिसत होते मला."

तन्वी नखं कुरतडू लागली. मग घडाघडा बोलली. बाबा ती सगळी दुपार त्या बाकावर बसले होते. आजीनं चहा दिला, तो त्यांनी प्यायला. उठताना हात जोडून नमस्कार केला. आजीला वाटलं, कुणाची तरी वाट बघत असतील. ती आत कप विसळायला गेली, आणि बाहेर येते तर ते कमरेएवढ्या पाण्यात होते. तिनं हाका मारल्या. त्यांनी मागे पाहिलं नाही.

"पण व्हाय, आई? आपण होतो ना इथे?"

सोपं उत्तर रत्नाच्या ओठांवर आलं होतं: आजारी होते गं. ते खरंही असेल. पण पोरीला विचारायचं होतं ते वेगळंच.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "आणि आता मी काही रचून सांगणार नाही."

तन्वी उठली, खोलीत गेली, दार लावून घेतलं. रत्ना बाहेर फरशीवर दाराला पाठ लावून बसली. आतून रडणं ऐकू येत होतं. तिनं दार वाजवलं नाही, आणि तिथून उठलीही नाही.