मसुरीतली तणस

मुलीच्या संस्थेच्या प्रमुख शर्मिष्ठा बसू यांचं पत्र आलं तेव्हा मी ते दोनदा वाचलं आणि कपाटातल्या जाड शब्दकोशात ठेवून दिलं. उत्तर दिलं नाही. पत्रात प्रश्न एकच होता. 'बिसाहू यादव यांना आमच्या कर्मचाऱ्यांपैकी कोणी मारहाण केली का? आपण अपर्णा यांचे वडील आहात हे माहीत असूनही विचारते आहे, कारण बाकी सगळे एकच वाक्य बोलतात. आपलं उत्तर आम्ही न्यायालयालाही देऊ.'

संस्थेच्या कर्मचाऱ्यांपैकी त्या दिवशी शेतावर एकटी माझी मुलगीच होती.

मी तिथे जायचं काही कारण नव्हतं. पण सकाळी प्रेमलाने, माझ्या बायकोने, हातातलं पुस्तक काढून घेतलं. "दिवसभर कागदं चाटून राहिले. जा पोरीसंग गावाले, जरा ऊन लागू द्या हाडाले." अपर्णाची जीप रायपुरातल्या तेलीबांध्याहून, आमच्या घरून निघाली, नवा रायपूरचे रुंद, रिकामे रस्ते मागे टाकून एका धुळीच्या वाटेला लागली. वाटेत अंजनाबाई चढल्या. त्या गावातल्या बचत गटाच्या अध्यक्ष.

काम चांगलं होतं, हे आधी सांगायला हवं. पाचसहा देशांनी मिळून पैसा दिला होता. भात निघालं की इथली जमीन पावसाळ्यापर्यंत पडून राहते. उरलेल्या ओलीवर मसूर घ्यायची, थोडी विकायची, थोडी गावातल्या पोरांच्या ताटात घालायची. ओल उडायच्या आत पेरणी व्हावी म्हणून भात हार्वेस्टरने कापलं. पेंढा उचलायचा नाही, तसाच पसरू द्यायचा, म्हणजे माती थंड राहते, कस वाढतो. हे सगळं अपर्णाच्या अहवालात होतं. तो मीच तपासला होता. दोन स्वल्पविराम सोडले तर मला त्यात चूक दिसली नव्हती.

पण पेंढा शेतात राहिला, म्हणजे गोठ्यात आला नाही. आपल्याकडे ज्याला तणस म्हणतात त्याला इथे पैरा म्हणतात, आणि गुरं वर्षभर त्याच्यावर जगतात. शिवाय भात घरी आलं की गुरं मोकळी सोडायची, मग सगळं शिवार सगळ्यांच्या गुरांचं, ही इथली जुनी रीत. मसुरीसाठी ग्रामसभेने ठराव केला, होळीपर्यंत गुरं बांधून ठेवायची. गुरं बांधली गेली. त्यांच्यापुढे टाकायला काही नव्हतं.

जीपमध्ये अंजनाबाई हसत म्हणाल्या होत्या, "दीदी, गरुवा ला का खवाबो? तोर रिपोर्ट?" गुरांना काय खाऊ घालायचं, तुझा रिपोर्ट?

"अगले साल चारा भी लगाएँगे, काकी."

"त अगले साल तक गाय को बोल दूँ, उपास रख?"

सगळे हसलो. मीही हसलो.

मसूर फुलावर होती. बाया निंदत होत्या. तेवढ्यात पलीकडच्या बांधावरून गुरं आली. सगळ्या गावाची. मागे बिसाहू, गावचा गुराखी, तेंदूची लाठी फिरवत, दारू प्यालेला, माझ्या मुलीचं नाव घेऊन मला लिहिता येणार नाहीत असे शब्द ओरडत. त्यानेच घरोघरची दावी सोडली होती. गुरांच्या फासळ्या मोजता आल्या असत्या. ती मसुरीकडे बघतही नव्हती. खाली मान घालून तणस ओढत होती, आणि तणशीबरोबर मसूर मुळासकट उपटून येत होती.

बाया काठ्या, दगड, विळे घेऊन धावल्या. एका वासराचा पाय मोडला, ते तीन पायांवर गोल गोल फिरू लागलं. एका गाईच्या डोळ्यावर दगड बसला. अंजनाबाई हात पसरून कळपापुढे उभ्या राहिल्या. बिसाहूची लाठी त्यांच्या खांद्यावर पडली आणि त्या जागेवरच खाली बसल्या, हात लोंबत राहिला. अपर्णाने लाठी धरली. त्याने तिला ढकललं आणि पडल्यावर पोटात लाथ मारली. हे मी पाहिलं. तिच्या ओठातून रक्त येत होतं.

मग बाया त्याच्यावर तुटून पडल्या. काठ्यांनी, विळ्याच्या मुठींनी, पायांनी. तो मातीत आडवा झाला, डोकं दोन्ही हातांनी झाकून. लाठी कुठेतरी गेली होती. तो आता कोणाला मारत नव्हता. बायांनाही ते कळलं असावं, त्या धापा टाकत मागे सरल्या.

अपर्णा उठली. कुंपणाचा लोखंडी अँगल तिने हलवून हलवून उपटला. सावकाश, दोन्ही हातांनी. आणि त्याच्या गुडघ्यावर हाणला. तो ओरडला. तिने पुन्हा हाणला. दुसऱ्या घावाला पाय असा वाकला, जिथे पायाला वाकायची जागाच नसते. बिसाहू ओरडला नाही. तो ओकला.

"आता हाक गुरं," अपर्णा म्हणाली. मराठीत. घरात आमच्याशीच बोलते त्या भाषेत. ते माझ्याशिवाय कोणाला कळलं नाही.

मी जीपचं दार धरून उभा होतो. तिला नावाने हाकसुद्धा मारली नाही.

पोलिसांनी विचारलं तेव्हा सगळ्या बाया म्हणाल्या, "गरुवा के गोड़ तरी आ गे." गुरांच्या पायाखाली आला. अपर्णाही तेच म्हणाली. मला कोणी विचारलं नाही. बिसाहूवर बायांना मारल्याचा गुन्हा लागला. तो सरकारी दवाखान्यात पलंगाला साखळीने बांधलेला होता, मग तुरुंगात गेला. आणि काही दिवसांनी ते पत्र आलं.

पत्र आल्याचं दोघींना माहीत होतं, पण त्याबद्दल घरात उघड कोणी बोललं नाही. जेवताना एकदा अपर्णा म्हणाली, "बाबा, त्या दिवशी चष्मा होता ना तुमचा? म्हणजे, डोळ्यावर?"

"होता."

"धूळ बी किती होती," प्रेमला म्हणाली. "मले तर धुळीत फाटकापुढचं दिसत नाही."

दोघींनी मला वाट करून दिली होती, आणि मी त्या वाटेने जायला अगदी योग्य माणूस होतो. एका शब्दाच्या ऱ्हस्वदीर्घासाठी तीन कोश उघडणारा. दार लावलं की नाही ते परत येऊन बघणारा. मी स्वतःला विचारू लागलो, घाव दोन होते की एक? गाय आधी तुडवून गेली होती का? संशय घ्यायची सवय जन्मभर माझ्या कामी आली नव्हती, आता आली.

मग बिसाहूच्या भावाने कुऱ्हाड उचलली. बिसाहूचा जामीन फेटाळला गेल्याच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, तो अंजनाबाईंच्या अंगणात शिरला. त्यांचीच साक्ष पहिली होती. त्यांनी तोंडापुढे हात धरला. तीन बोटं तांदूळ निवडायच्या सुपात पडली. दुसरा घाव कानाखाली बसला. गावकऱ्यांनी त्या भावाला विजेच्या खांबाला बांधून एवढं मारलं, की पोलीस आले तेव्हा त्याचा चेहरा ओळखू येत नव्हता, श्वास तेवढा चालू होता.

मी अपर्णाबरोबर दवाखान्यात गेलो. अंजनाबाईंचा चेहरा पट्ट्यांत होता. एक डोळा उघडा.

"दीदी," त्या अपर्णाला म्हणाल्या, "मैं तोर बर बोले रहेंव ना?" तुझ्यासाठीच बोलले होते ना मी.

अपर्णा बाहेर निघून गेली. तो डोळा माझ्याकडे वळला.

"तुमन तो पढ़े-लिखे हव, बाबूजी. तुमन कहितेव त मान जातिन." तुम्ही शिकलेले, तुम्ही सांगितलं असतं तर त्यांनी मानलं असतं.

घरी येऊन मी कागद घेतला. अर्धं लिहून झालं होतं तोवर अपर्णा मागे येऊन उभी राहिली.

"काय लिहून राहिले बाबा?"

"शर्मिष्ठाबाईंना उत्तर."

तिने माझं मनगट धरलं आणि पिळलं. पेन पडलं. मी सोडवायला गेलो तशी तिने आणखी पिळलं, कागद दोघांच्या मध्ये फाटला. तिच्या हातात केवढा जोर आहे हे मी शेतावर पाहिलं होतं, पण तो अंगावर घेणं वेगळं.

"मी जेलात जाईन. समजून राहिलं का तुम्हाला? संस्था गाव सोडून जाईल. पोरांच्या ताटातली डाळ बंद. त्या बाया परत खदानीत गिट्टी फोडायला जातील. एका बेवड्यासाठी?"

"समजतं."

"मग?"

"तो भाऊ सुटला की पुन्हा कुऱ्हाड घेईल. नाहीतर अंजनाबाईंचं कोणी."

"तुम्ही आयुष्यात कधी कोणाले हो की नाही सांगितलं? सगळ्यात आधी माझ्यापासूनच सुरुवात का?"

ती रडत होती आणि मनगट सोडत नव्हती.

स्वयंपाकघराच्या दारातून प्रेमला म्हणाली, "सोड हात त्याहीचा. तुटन."

अपर्णाने हात सोडला. खोलीत गेली. आतून काहीतरी भिंतीवर आपटून फुटल्याचा आवाज आला, मग आणखी काही.

मनगट सुजलं होतं, अक्षर फार वाईट आलं. बिसाहू प्यालेला होता आणि त्याने अंजनाबाईंचा खांदा मोडला, हे लिहिलं. माझ्या मुलीच्या पोटात लाथ मारली, तेही लिहिलं. मग लिहिलं, की तो पडलेला होता आणि हातांनी डोकं झाकून होता, तेव्हा माझ्या मुलीने अँगलने त्याच्या गुडघ्यावर दोन घाव घातले. मी चष्मा घातलेला होता. 'मला वाटतं' दोनदा आलं होतं आणि 'बहुधा' एकदा. तिन्ही खोडले. खाली लिहिलं, काम बंद करू नका, पण आधी गावाच्या गोठ्यांत तणस पोहोचवा, मग पोरांच्या ताटाचं बघा. ही ओळ लिहायचा मला अधिकार आहे की नाही, यावर बराच वेळ गेला. राहू दिली.

निघालो तेव्हा अपर्णा फाटकाशी उभी होती. डोळे सुजलेले. मला वाटलं ती पाकीट हिसकावेल, आणि खरं सांगायचं तर तसं झालं असतं तर मी सोडलंही असतं. तिने फाटक उघडलं नाही, अडवलंही नाही.

"माझं नाव पूर्ण लिहिलं?" तिने विचारलं.

"हो."

फाटक मीच उघडलं. पोस्टात गर्दी नव्हती. बाबूने पाकीट वजनाला टाकलं, शिक्का मारला आणि न बघता मागच्या पोत्यात फेकलं.