नवरीच्या आईचं पान

आमच्या टेम्पोवर नाव रंगवायचं निघालं आन् तिथंच माझं डोकं फिरलं. माझ्या नावानं ‘दीपमाला केटरर्स, उस्मानपुरा’ एवढं पुरे की! पण माझी लेक श्रेया म्हणते, खाली एक ओळ पाहिजे. तुझं ब्रीद. तू कशासाठी जगतेस ते.

“कशासाठी म्हंजे? तुझा बाप गेला, तुला वाढवायचं होतं, म्हणून लग्नाचे स्वयंपाक धरले. आन् काय!”

“ते माझं झालं, आई. मी आता कमावते. तुझं काय?”

घ्या! चार बुकं शिकवली ती हे विचारायला. वरून मी तिला फटकारलं, पण आतून लई लागलं. जन्मभर कढया उपसल्या, लोकांची लग्नं पार पाडली, आन् पोरीनं विचारलं तर सांगायला माझ्यापाशी एक ओळ नाय? ‘अन्न हे पूर्णब्रह्म’ लिही म्हणलं, तर म्हणते, ते प्रत्येक खानावळीत असतं. खरंच होतं तिचं.

पहिल्या लग्नापासून भट्टीवर माझ्यासोबत असलेल्या फहमिदाला विचारलं, “गं, आपण हे कशासाठी करतो?”

कांदा चिरता चिरता ती म्हणली, “पेट के वास्ते, और क्या! मेरा दिमाग नक्को खा.”

म्हंजे तिच्याकडं पण नव्हतं. मला रात्री झोप लागंना.

मग पाचोडचं लग्न आलं, सरिताबाईंच्या लेकीचं. वांग्याची भाजी, पुरी, बुंदी, वरण-भात. नाव ठेवायला जागा नव्हती. संध्याकाळी पाठवणी झाली आन् मांडव ओस पडला. श्रेया टेम्पोत भांडी चढवायला लागली. फहमिदानं गॅसला हात घातला तशी मी वरडले, “थांब, बंद करू नको!”

“आता कोण राहिलं?” श्रेयानं विचारलं.

मी मांडवात गेले. रिकाम्या खुर्च्यांमधी सरिताबाई एकट्याच बसल्या होत्या. लेक नव्या सॅंडल घालून गेली; तिच्या रोजच्या चपला ह्यांनी मांडीवर घेतलेल्या.

“जेवल्या का?”

“भूक नाय ओ, ताई.”

“भूक नाय म्हणं! सकाळपासून चहावर हायेत, मला दिसत नाय व्हय? उठा.”

हाताला धरून त्यांना भट्टीपाशी आणलं. गार पुऱ्या ढीगभर होत्या, त्या बाजूला सारल्या. ताजी पोळी लाटली, वर तूप सोडलं. बाईनं घास मोडला आन् हात तसाच थांबला.

“ताई, माझी पोर जेवली असंल का ओ तिकडं?”

माझं लाटणं जागच्या जागी राहिलं.

माझ्या लग्नात माझी आय उपाशी झोपली होती. सगळं गाव जेवलं, आचाऱ्यानं चूल विझवली, आन् तिला कुणी विचारलं नाय. ती वारली तेव्हा मावशीनं मला सांगितलं. पाणी पिऊन आडवी झाली, म्हणं, आन् एवढंच बोलली, पोरगी जेवली असंल का. मावशीचं ते बोलणं मी पार आत दाबून टाकलं होतं.

“व्हय, जेवंल,” मी सरिताबाईंना म्हणलं. “तिच्या गाडीत मी डबा ठेवलाय. तुम्ही जेवा.”

त्या रडत रडत, पण पोटभर जेवल्या.

श्रेया सगळं बघत होती. “आई, हे आजच केलंस का?”

“आज?” फहमिदा हसली. “हर शादी में येइच करती ये. नवरी की माँ खाए बगैर भट्टी बुझाने नै देती. मैं तो बोल बोल के थक गई!”

खरं सांगते, माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. इतकी वर्षं मी म्हणत होते, पोटासाठी करते. आन् गावोगावच्या मांडवात मी माझ्या आयला जेवू घालत होते. मला रडू फुटलं, तिथंच, सगळ्यांसमोर. श्रेयानं मला पोटाशी धरलं. पोर आयची आय झाली.

पदरानं तोंड पुसून मी म्हणलं, “लिहून घे. नवरीची आई जेवल्याशिवाय आमची भट्टी विझत नाय.”

तिनं मोबाइल काढून लिहून घेतलं.

“आन् वर माझं नाव नको. तुझ्या आजीचं टाक. कडूबाई केटरर्स.”

“कडूबाई?” ती डोळे पुसत हसली. “अगं, जेवणाच्या धंद्याला कडू? लोक हसतील, आई.”

“हसू दे,” मी म्हणलं. “तिच्या नावाचं कुणी पोटभर जेवलं म्हंजे झालं.”